मिल्टन ॲबस : उमरावाच्या नजरेआड वसवलेलं गाव

सांजवारा

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये येऊन मला सहा वर्षं झाली. घरापासून गाडीने पाऊण तासावर मिल्टन ॲबस हे गाव आहे. भारतातून कुणी आलं की आम्ही त्यांना हमखास तिकडे नेतो. गावात मुख्य रस्ता एकच, दोन टेकड्यांमधल्या घळीतून वळत वळत उतारावर जाणारा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरं. सगळी एका मापाची, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. पुढे हिरवळीचा पट्टा, मागे झाडीने भरलेला चढ.

मे महिन्यात आई आली होती. रस्त्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत ती चालत गेली आणि म्हणाली, "यात सुताराचं घर कुठलं, लोहाराचं कुठलं, पाटलाचं कुठलं? गावात शिरलं की घर बघून कळतं ना." इतक्या वेळा जाऊनही मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. जे कळलं ते इथे मांडते, जाणकारांनी भर घालावी.

मुळात हे गाव इथलं नाही. जुनं गाव इथून थोड्या अंतरावर, मिल्टन ॲबी या मठाच्या पायाशी होतं. दहाव्या शतकात राजा ॲथेलस्टनने हा मठ स्थापला. १३०९ मध्ये वीज पडून त्याचं चर्च जळालं. नवं बांधायला घेतलं, पण त्याचा पश्चिमेकडचा लांब भाग कधी उभाच राहिला नाही. मठाच्या आश्रयाने शेजारी बाजारपेठ वाढली. शंभरावर घरं, आठवड्याचा बाजार, बिअर गाळणारे, खानावळी आणि १५२१ मध्ये मठाधिपतीने काढलेली शाळा. आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा, १५३९ मध्ये, हाही गेला. पुढच्याच वर्षी जॉन ट्रेगनवेल नावाच्या वकिलाने तो १,००० पौंडांना विकत घेतला. हेन्रीच्या घटस्फोटाच्या कामात हा वकील राजाच्या बाजूने होता.

मठ गेला तरी बाजारपेठ राहिली. पुढे दोनशे वर्षांहून जास्त काळ ती नांदती होती.

१७५२ मध्ये जोसेफ डेमर या श्रीमंत माणसाने ही इस्टेट घेतली. तोच पुढे लॉर्ड मिल्टन आणि १७९२ मध्ये अर्ल ऑफ डॉर्चेस्टर झाला. त्याला मठाच्या चर्चला लागून मोठा वाडा हवा होता आणि वाड्याच्या खिडकीतून दिसायला हिरवळ, तळं, झाडी. त्या काळात इंग्लंडभर ज्याच्या नावाचा दबदबा होता त्या बागा-पार्क आखणाऱ्या 'केपेबिलिटी' ब्राउनला त्याने पार्क आखायला बोलावलं. वाड्याचं काम वास्तुरचनाकार विल्यम चेंबर्सकडे दिलं. अडचण एकच होती. खिडकीतून सगळ्यात आधी दिसायचा तो बाजार.

आता मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग. लॉर्ड मिल्टनने लोकांना एका दिवसात हाकललं नाही. इंग्लंडच्या या भागात घरं आणि जमिनी तीन जिवांच्या पट्ट्यावर देण्याची रीत होती. पट्ट्यात तिघांची नावं लिहायची, बहुधा स्वतःचं, बायकोचं आणि मुलाचं. तिघांतला शेवटचा माणूस जाईपर्यंत घर तुमचं, मग ते मालकाकडे परत. एरवी एक जीव गेला की मालक पैसे घेऊन नवं नाव घालू द्यायचा आणि पट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालायचा. पट्टे पुढे चालू द्यायचे नाहीत असं मालकाने ठरवलं की फक्त थांबायचं. कुणी मरेल, कुणी विकेल. रिकामं झालं ते घर पाडायचं. १७७० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम वीसेक वर्षं चाललं. शेजारचं घर पडलेलं, पलीकडचं पडलेलं आणि आपल्या घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिच्या जिवावर घर उभं. अशी वीस वर्षं त्या गावाने काढली.

हॅरिसन नावाच्या वकिलाने मात्र पट्टा सोडायला साफ नकार दिला. मठाच्या जुन्या तळ्याचे दरवाजे उघडून लॉर्ड मिल्टनने त्याच्या घरात पाणी सोडलं, हॅरिसनने खटला भरला आणि जिंकला, अशी गोष्ट डॉर्सेटमध्ये आजही सांगतात. शाळेचीही ब्याद लॉर्ड मिल्टनला नको होती. १७८५ मध्ये संसदेकडून कायदा करवून घेऊन त्याने ती ब्लँडफर्डला हलवली.

नवं गाव १७८० च्या आसपास उभं राहिलं ते टेकडीच्या आड, वाड्यातून दिसणार नाही अशा बेताने. जवळपास हुबेहूब अशी ३६ घरं. प्रत्येक घर दोन कुटुंबांसाठी. दर्शनी दार मधोमध एकच. आत बोळासारखी चिंचोळी जागा आणि तिथून डावीउजवीकडे दोन दारं, एकेका कुटुंबाला एकेक. पूर्वी भिंती पिवळ्या होत्या, पांढरा रंग नंतरचा. दोन घरांच्या मध्ये एकेक चेस्टनटचं झाड होतं. झाडं वाढून घरं अंधारली, मुळं पायाशी आली, तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्याला ती काढून टाकली. रस्त्याच्या मध्यावर १७८६ चं चर्च आहे आणि समोर निराधार वृद्धांसाठीची घरं. ती मात्र जुन्या गावातली आहेत. १६७४ ची ही इमारत १७७९ मध्ये तिथून उतरवून इथे पुन्हा उभी केली.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर असं की लोहार कुठला आणि सुतार कुठला हे बाहेरून कळू नये अशीच ती आखणी आहे.

एक पाहिलेली गोष्ट सांगून थांबते. त्या दिवशी एका घराची डागडुजी चालू होती आणि बाजूच्या भिंतीचा गिलावा खरवडून काढला होता. आत पिवळसर माती, तिच्यात बोटाएवढे गव्हाच्या काडाचे तुकडे, मधूनमधून खडूच्या मऊ दगडाचे पांढरे खडे. आईने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपल्या वाड्यासारखीच मातीची भिंत."

गिलावा

सांजवाराताई, आईंनी बरोबर ओळखलं. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून भिंतीबद्दल लिहितो.

या बांधकामाला तिकडे कॉब म्हणतात. आपल्याकडच्या कच्च्या विटा किंवा भेंडे इथे नसतात. चिकणमाती, वाळू, काड आणि डॉर्सेटमध्ये खडूचा चुरा, यांचा गारा बैलांच्या नाहीतर माणसांच्या पायाखाली तुडवायचा आणि फावड्याने सरळ जोत्यावर रचायचा. एका वेळी दीड-दोन फुटांचा थर. तो वाळेपर्यंत थांबायचं, कडा तासून घ्यायच्या, मग वरचा थर. साचा लागत नाही. भिंत दोन फूट किंवा त्याहून जाड असते, त्यामुळे आत थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा.

शेजारच्या डेव्हनमध्ये म्हणतात की कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट दिले की झालं. टोपी म्हणजे छप्पर, बूट म्हणजे दगडी जोतं. शाकारलेल्या छपराला पन्हळ नसते, म्हणून वळचण भिंतीपासून चांगली बाहेर काढलेली असते आणि पागोळ्या दूर पडतात. फोटो पाहताना या वळचणींकडे जरूर बघा. हे छप्पर चांगल्या बोरूचं असेल तर तीस वर्षं सहज टिकतं, फक्त आढ्यावरचा भाग दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो.

मातीच्या भिंतीचा खरा शत्रू सिमेंट. वाईजवळच्या एका वाड्यात आमच्या आधीच्या कंत्राटदाराने पांढऱ्या मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा चढवला होता. वरून चकचकीत. तीन पावसाळ्यांनी आम्ही तो फोडला तेव्हा आतली माती ओल्या शेणासारखी हाताला लागली. भिंतीला श्वास घ्यायला चुनाच लागतो. डॉर्सेटमध्येही मागच्या शतकात हीच चूक झाली आणि आता लोक सिमेंट काढून परत चुन्याकडे वळत आहेत. तुम्ही पाहिलेलं काम तेच असावं.

टिपणवही

उत्तम धागा. थोडी भर घालते.

लॉर्ड मिल्टन एकटा नव्हता. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलने नॉरफोकमध्ये हॉटनचं जुनं गाव पार्कमधून उठवून १७२९ पासून फाटकाबाहेर दोन रांगांत वसवलं. यॉर्कशरमध्ये एडविन लॅसेल्सने हेअरवुडचं गाव जॉन कार या वास्तुरचनाकाराकडून नव्याने आखून घेतलं. त्या घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या साखरेचा आणि गुलामांच्या घामाचा होता. हेअरवुडची देखणी दगडी घरं बघताना हे मनातून जात नाही.

ऑक्सफर्डजवळच्या नूनम कोर्टनीची गोष्ट वेगळीच. अर्ल हार्कोर्टने १७६० च्या दशकात तिथलं गाव हलवून हमरस्त्याच्या दोन्ही कडांना विटांच्या जोडघरांच्या रांगा उभ्या केल्या. जुन्या चर्चच्या जागी ग्रीक देवळासारखं दिसणारं नवं चर्च बांधलं, वाड्यातून सुंदर दिसावं म्हणून. १७७७ मध्ये त्याच पार्कमधल्या विहिरीत पडून अर्ल वारला. आत पडलेल्या कुत्र्याला वाचवायला गेला होता.

याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्या काळी गरिबांना पोसायची जबाबदारी त्या त्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची असायची आणि त्यासाठी तिथल्या जमीनवाल्यांवर कर बसायचा. १६६२ च्या कायद्याने माणूस कुठल्या पॅरिशचा हे ठरायचं. सगळी जमीन एकाच मालकाची असली की घरंच कमी ठेवायची, म्हणजे गरीब कमी आणि करही कमी. याला बंद गाव म्हणत. मजूर लागले की ते तीन-चार मैलांवरच्या खुल्या गावातून रोज चालत यायचे आणि आजारी पडले की त्या गावाने त्यांना बघायचं. १८६५ मध्ये हा खर्च अनेक पॅरिशच्या संघावर विभागला गेला, तेव्हा कुठे घरं पाडण्यातला हा फायदा संपला. म्हणून सुबक इस्टेट गाव दिसलं की मी आधी विचारते, इथे किती घरं बांधली नाहीत?

आणि सांजवारा, टॉलपडल तुमच्या या गावापासून अगदी जवळ आहे. तिथल्या शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली आणि सहा करायची धमकी आली. संघटना बांधताना गुप्त शपथ घेतली म्हणून १८३४ मध्ये सहा जणांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलं. अर्ध्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या चुलीवर काय शिजत असेल याचा अंदाज त्या आकड्यांवरून येतो.

आडवाट

वाचतोय. एक शंका. बॉर्नव्हिल, पोर्ट सनलाइट हीसुद्धा याच प्रकारची गावं का?

टिपणवही

आडवाट, ती कारखान्याची गावं. टायटस सॉल्टचं सॉल्टेअर १८५० च्या दशकातलं, लेव्हरचं पोर्ट सनलाइट १८८८ चं, कॅडबरींच्या बॉर्नव्हिलमधली घरं १८९० च्या दशकातली. तिथे गावाच्या केंद्रस्थानी काम आहे, कामगार जवळ हवा आहे. मिल्टन ॲबसमध्ये माणूस लांब हवा होता. आपल्याकडची तुलना करायची तर १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभारलेली किर्लोस्करवाडी पोर्ट सनलाइटच्या बाजूला बसेल, मिल्टन ॲबसच्या नाही.

कोयनाकाठ

आजोबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. मी पुनर्वसित गावठाणात वाढलो. त्यामुळे रांगेतली घरं बघितली की मला वेगळंच काहीतरी आठवतं.

जुन्या गावात आमची आळी होती, भावकीची सगळी घरं पाठीला पाठ लावून. नव्या गावठाणात प्लॉट नंबराने मिळाले. चुलते पार दुसऱ्या टोकाला आणि आमच्या शेजारी ज्यांच्याशी कधी बोलणंही नव्हतं असं घर. आजी शेवटपर्यंत रोज सकाळी ताकाचा तांब्या घेऊन तीन गल्ल्या ओलांडून जावेकडे जायची, कारण जुन्या गावात ते घर तिच्या परसाला लागून होतं.

धरण आणि हिरवळ यांची बरोबरी मी करत नाही. कोयनेच्या पाण्यावर अख्ख्या महाराष्ट्रात दिवे लागले, तिकडे एका माणसाला खिडकीतून तळं दिसलं. पण मला विचारायचं आहे की त्या ३६ घरांत कोणाच्या शेजारी कोण, हे कोणी ठरवलं? एकाच दारातून रोज ये-जा करायची ती दोन कुटुंबं आधी शेजारी तरी होती का?

सांजवारा

कोयनाकाठ, तुमच्या आजींचा ताकाचा तांब्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एक नक्की की शंभरावर घरांची वस्ती या ३६ इमारतींत म्हणजे बहात्तर बिऱ्हाडांत मावणं शक्य नव्हतं. खूप जण आजूबाजूच्या गावांत आणि शहरांत पांगले. बाजार गेल्यावर व्यापाऱ्याला तिथे राहून करायचंही काय होतं? बाजाराचं गाव होतं, ते इस्टेटीवरच्या मजुरांचं गाव झालं. मला वाटतं खरं नुकसान हे आहे. घरं एकवेळ नवी बांधता येतात, पण बाजार परत वसला नाही.

टिपणवही, 'किती घरं बांधली नाहीत' हा प्रश्न मी आता कुठल्याही सुंदर खेड्यात विचारणार.

रेषाचित्र

वास्तुकलेच्या बाजूने लिहितो. सगळ्यांचं म्हणणं मान्य, पण आखणी म्हणून मिल्टन ॲबस फार मोठं काम आहे आणि तेही नोंदवायला हवं.

आराखडा कोणाचा यावर वाद आहे. चेंबर्सनेही काम केलं, ब्राउननेही. चेंबर्स म्हणजे लंडनच्या क्यू बागेतला चिनी पॅगोडा आणि सॉमरसेट हाउस बांधणारा, तरुणपणी स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून पूर्वेकडे फिरून आलेला. लॉर्ड मिल्टनच्या उद्धट वागण्याला तो इतका कंटाळला की त्याच्या पत्रांत त्याबद्दल उघड तक्रारी आहेत. वाडा पुरा व्हायच्या आतच तो बाजूला झाला आणि आतलं पुष्कळसं काम पुढे जेम्स वायटने केलं.

मला त्या रस्त्यात ब्राउनचा हात दिसतो. सरळ रेघेत सारखी घरं मांडली की बराकी दिसतात, नूनमला थोडं तसंच होतं. इथे तीच सारखी घरं घळीच्या वळणावर मांडली आहेत. त्यामुळे एका वेळी पाच-सहाच घरं नजरेत येतात. चार पावलं पुढे गेलं की मागची झाकली जातात आणि पुढची उघडतात. ज्या माणसाने आयुष्यभर पाणी आणि झाडी वळणावर लपवली-दाखवली, त्याने इथे घरं तशी लपवली-दाखवली आहेत. समोर कुंपण नाही, त्यामुळे हिरवळ रस्त्यापासून भिंतीपर्यंत सलग वाहते. परसबागा मागच्या बाजूला, दिसणार नाहीत अशा.

तीस वर्षांत आवड पार उलटी झाली. ब्रिस्टलजवळ हार्फर्ड या बँकरने इस्टेटीवरच्या निवृत्त नोकरांसाठी १८११ च्या सुमारास जॉन नॅशकडून ब्लेझ हॅम्लेट बांधून घेतलं. फक्त नऊ घरं, मध्ये हिरवळ आणि पंप, पण एकही घर दुसऱ्यासारखं नाही. कुठे शाकार, कुठे दगडी फरश्या, उंच नक्षीदार विटांची धुराडी, आणि दारं मुद्दाम वेगवेगळ्या दिशांना. १९४३ पासून ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि लोक अजून तिथे राहतात. पुढे १८३८ ते १८४२ मध्ये चॅट्सवर्थला डेव्हनशरच्या ड्यूकने पॅक्स्टनकडून ईडन्सर नव्याने बसवून घेतलं. पुढे क्रिस्टल पॅलेस बांधणारा पॅक्स्टन तो हाच. तिथे एक घर स्विस, एक इटालियन, एक ट्यूडर. जुन्या ईडन्सरमधलं एक घर मात्र पार्कच्या मधोमध भिंतीच्या आत एकटं उभं आहे, आजही.

ब्लेझ बघून लोक हरखतात. मला ते फार गोड वाटतं. मिल्टन ॲबसमध्ये जो संयम आहे, एकच घर छत्तीस वेळा बांधून कंटाळा येऊ न देण्याची जी करामत आहे, ती मला जास्त मोठी वाटते.

आजीची_गोधडी

पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे साउथहॅम्प्टनला येणार आहे. तिथून जाता येईल का? आणि जुन्या गावाचं काही शिल्लक आहे का बघायला?

सांजवारा

काकू, जरूर या. ब्लँडफर्ड फोरमपर्यंत यायचं आणि तिथून गाडीनेच. तासाभराहून थोडा जास्त वेळ धरा.

रस्त्याच्या खालच्या टोकाला ब्राउनचं तळं लागतं. पलीकडे मठाचं चर्च आणि वाडा. वाड्यात १९५४ मध्ये शाळा सुरू झाली, हे वाचून मला ब्लँडफर्डला घालवलेली ती जुनी शाळा आठवली. चर्चमध्ये लॉर्ड मिल्टनच्या पत्नीची, लेडी कॅरोलाइनची संगमरवरी समाधी आहे. ती १७७५ मध्ये गेली. पती शेजारी कोपरावर रेलून तिच्याकडे बघतो आहे. इतकं सगळं वाचून तिथे गेले आणि त्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिले. चर्चपासून टेकडीवरच्या सेंट कॅथरिनच्या जुन्या देवळीपर्यंत गवताच्या १११ पायऱ्या चढत जातात. तुमचे गुडघे बरे असतील तर वर चढा, वरून सगळा पार्क दिसतो. जुन्या गावातलं म्हणाल तर हिरवळीवर बाजाराच्या क्रॉसचा दगडी चौथरा तेवढा राहिला आहे.

रेषाचित्र, तुमचं वाचून शनिवारी परत गेले आणि पावलं मोजत चालले. खरंच, एका वेळी पाच-सहाच घरं दिसतात.

परतताना एका घरासमोर एक आजोबा हिरवळीची कड कापत होते. त्यांना आईच्या प्रश्नाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, आत येऊन बघ. त्यांच्या आधीच्या मालकांनी दोन्ही अर्धी जोडून एक घर केलेलं आहे. पण दर्शनी दाराच्या आतली ती बोळाएवढी जागा तशीच आहे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागेल इतकी. दोन्ही दारंही जागेवर आहेत. डावं रोजच्या वापरातलं. उजव्या दाराच्या आड आता कपाट आहे, पण त्याची लोखंडी कडी अजून तशीच आहे आणि तिच्याखालचं लाकूड हातांनी झिजून खोलगट झालेलं आहे. कोयनाकाठ, तुमच्यासाठी तिचा फोटो काढलाय. आजोबांनी हो म्हटलंय, रात्री टाकते.